बोनसची वेजरिंग अट कशी वाचावी आणि कशी मोजावी

“१०० टक्के बोनस, १,००० पर्यंत, वेजरिंग ३५ पट.” ऑनलाइन कॅसिनोच्या ऑफरमध्ये ठळक अक्षरांत एवढंच असतं. म्हणजे तुम्ही भराल तेवढीच रक्कम कॅसिनो वर देतो, पण ते पैसे काढता येण्याआधी ३५ पट रकमेच्या बेट, म्हणजे पैजा, लावून व्हायला हव्यात. हीच वेजरिंगची अट. यावरून बोनस घ्यावा की नाही हे ठरवता येत नाही. ३५ पट कशाच्या, कोणत्या खेळावर, किती दिवसांत, एका वेळी जास्तीत जास्त किती लावून, हे सगळं खालच्या बारीक अक्षरांत असतं आणि बोनसची किंमत तिथेच ठरते. ती काढायला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही. फक्त ती पैसे भरण्याआधी काढायची असते.

खालच्या उदाहरणांतल्या रकमा कोणत्याही चलनातल्या समजा, हिशेब तोच राहतो. मात्र हा हिशेब कामाचा आहे तो जिथे असं खेळणं कायदेशीर आहे तिथेच. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. स्वीडनमध्ये २०१९ पासून परवानाधारक कंपनीला ग्राहकाला फक्त पहिल्या वेळी बोनस देता येतो. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२६ पासून वेजरिंगवर १० पटीची कमाल मर्यादा आहे. परवाना नसलेल्या साइटवर अटी कितीही चांगल्या लिहिलेल्या असोत, त्या पाळायला लावणारं कुणी नसतं. म्हणून परवाना कुणाचा आहे हे आधी पाहा, अटी नंतर वाचा.

उलाढाल मोजतात, हार-जीत नाही

वेजरिंग म्हणजे तुम्ही लावलेल्या सगळ्या बेटची बेरीज. २० ची बेट लावून स्लॉट (चित्रांची चक्रं फिरवायचा खेळ) फिरवला आणि ६० मिळाले, तरी अटीत २० मोजले जातात. काहीच मिळालं नाही, तरी २०. म्हणजे १,००० च्या बोनसवर ३५ पटीची अट असेल तर ३५,००० च्या बेट लावून व्हायला हव्यात.

यावर दोन गैरसमज कायम भेटतात. पहिला असा की एवढे ३५,००० खिशातून जातील. ते जात नाहीत, कारण जिंकलेली रक्कम परत लावता येते आणि तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरतात. दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो: पैसे नुसते फिरवायचेच तर आहेत, जातात कुठे? जातात. प्रत्येक फेरीत कॅसिनोचा हिस्सा कापला जातो. स्लॉटचा आरटीपी, म्हणजे लावलेल्या रकमेपैकी सरासरीने परत मिळणारा भाग, ९६ टक्के असेल तर उरलेले ४ टक्के हे हाउस एज. १०० च्या उलाढालीमागे सरासरी ४ जातात. १,००० ची उलाढाल झाली की ४० गेले, ३५,००० झाली की १,४००.

उलट दिशेनेही हेच वाचता येतं. हातातली शिल्लक भागिले हाउस एज केलं, की ती शिल्लक संपेपर्यंत सरासरी किती उलाढाल होईल ते कळतं. १,००० भागिले ०.०४ म्हणजे २५,०००. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पहिला प्रश्न: पट कशाची?

दोन प्रकार असतात. पट फक्त बोनसवर, किंवा डिपॉझिट आणि बोनस दोन्हींच्या बेरजेवर. ठळक ओळीत दोन्ही सारखेच दिसतात, पण १०० टक्के बोनसमध्ये दुसरा प्रकार बरोबर दुप्पट महाग असतो.

१,००० भरले, १,००० बोनस मिळाला. पट बोनसवर असेल तर ३५,००० ची उलाढाल. ४ टक्क्यांनी अपेक्षित तोटा १,४००. बोनस मिळाला १,०००, म्हणजे कागदावर ४०० चा घाटा. पट बेरजेवर असेल तर उलाढाल ७०,००० आणि अपेक्षित तोटा २,८००. खात्यात मुळात २,००० आहेत आणि ते सरासरी ५०,००० च्या उलाढालीपर्यंतच टिकतात. बहुतेक लोकांची शिल्लक अट पूर्ण होण्याआधीच शून्यावर येणार, हे पैसे भरण्याआधीच दिसतं आहे.

यातून एक सोपी कसोटी निघते. पट बोनसवर असेल तर बरोबरीची पट म्हणजे १ भागिले हाउस एज. हाउस एज ४ टक्के असेल तर २५ पट, ५ टक्के असेल तर २० पट, २ टक्के असेल तर ५० पट. ऑफरमधली पट याहून जास्त असेल तर बोनस स्वतःची किंमत भरून काढत नाही. पट डिपॉझिट आणि बोनसच्या बेरजेवर असेल आणि बोनस १०० टक्के असेल, तर बरोबरीची पट निम्मी करा: ४ टक्क्यांना साडेबारा. बोनस ५० टक्केच असेल तर एक तृतीयांश, कारण ५०० च्या बोनससाठी १,५०० वर पट लागते.

या सूत्राला एक मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अट शेवटपर्यंत पूर्ण केली असं ते धरून चालतं. प्रत्यक्षात शिल्लक वाटेत संपली की तोटाही तिथेच थांबतो, त्यामुळे खरी सरासरी सूत्रापेक्षा थोडी सौम्य असते. पण ऑफर वाईट आहे की बरी, हे ओळखायला सूत्र पुरतं. दोन ऑफरची तुलना करायची असेल तर याहून वेगळं काही लागत नाही.

सरासरीने फसू नका, हेही इथेच सांगायला हवं. खात्यातल्या २,००० मधून १,४०० वजा जाऊन “सरासरी ६०० उरतील” याचा अर्थ प्रत्येकाला ६०० मिळतात असा होत नाही. मोठ्या चढउताराच्या स्लॉटवर बऱ्याच जणांचं खातं शून्य होतं आणि थोड्यांकडे काही हजार उरतात. सरासरी त्या थोड्यांमुळे वर राहते. कमी चढउताराच्या खेळावर अट पूर्ण करणारे जास्त निघतात, पण त्यांच्या हाती थोडंच उरतं. किती चढउताराचा स्लॉट निवडला यावर तोट्याचा दर फारसा बदलत नसला, तरी पैसे शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता खूप बदलते.

दुसरा प्रश्न: कोणता खेळ किती मोजला जातो?

अटींमध्ये खेळांच्या योगदानाचा तक्ता असतो. साधारणपणे स्लॉट १०० टक्के, रूलेट १० किंवा २० टक्के, ब्लॅकजॅक आणि व्हिडिओ पोकर ५ किंवा १० टक्के, लाइव्ह डीलरचे खेळ १० टक्के किंवा शून्य. १० टक्के योगदान म्हणजे १०० लावले की अटीत १० जमा.

इथे अनुभवी खेळाडूही चुकतात. ब्लॅकजॅकचा हाउस एज बेसिक स्ट्रॅटेजीने (कोणत्या पत्त्यांवर काय करायचं याच्या ठरलेल्या तक्त्याने) खेळलं तर साधारण अर्धा टक्का, म्हणून तोच स्वस्त असं वाटतं. पण १० टक्के योगदानावर ३५,००० ची अट पूर्ण करायला ३,५०,००० लावावे लागतात. त्याचा अर्धा टक्का १,७५०. स्लॉटवर तोच खर्च १,४०० होता.

म्हणून खेळांची तुलना करताना हाउस एजला योगदानाने भागा. जे येईल तो अटीच्या प्रत्येक १०० मागचा खरा खर्च.

९६ टक्के आरटीपीचा स्लॉट, योगदान १०० टक्के: खर्च ४.
ब्लॅकजॅक, हाउस एज ०.५, योगदान १० टक्के: खर्च ५.
एका शून्याचं रूलेट, हाउस एज २.७, योगदान २० टक्के: खर्च साडेतेरा.
दोन शून्यांचं रूलेट, हाउस एज ५.२६, योगदान २० टक्के: खर्च सव्वीसच्या वर.
बॅकरॅट, “बँकर” या बाजूवर लावून, हाउस एज १.०६, योगदान १० टक्के: खर्च १०.६.

योगदानाचे आकडे कॅसिनोगणिक बदलतात. भागाकार बदलत नाही. तुमच्या ऑफरमधले आकडे घालून पाहा. टेबलवरचे खेळ बोनससाठी जवळजवळ नेहमीच महाग का पडतात हे त्यातून कळेल: योगदान मुद्दाम एवढं खाली ठेवलेलं असतं की कमी हाउस एजचा फायदा उरू नये.

स्लॉटमध्येही एक खाच आहे. अनेक गेम कंपन्या एकच स्लॉट वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्यांत देतात, ९६, ९४, कधी त्याहून खाली, आणि कोणती लावायची हे कॅसिनो ठरवतो. बाहेरून खेळ हुबेहूब तसाच दिसतो. ९४ टक्क्यांच्या आवृत्तीत हाउस एज ६ होतो आणि ३५,००० च्या उलाढालीवर तोटा १,४०० ऐवजी २,१००, म्हणजे डिपॉझिट आणि बोनस दोन्ही मिळून असलेल्या २,००० पेक्षाही जास्त. त्यामुळे आरटीपी दुसऱ्या कुठल्या पानावर वाचून खेळू नका. त्याच कॅसिनोत, त्याच खात्यातून खेळ उघडा, आतल्या माहितीच्या किंवा नियमांच्या पानावर जा आणि आकडा तिथे वाचा.

प्रोग्रेसिव्ह जॅकपॉटचे (मोठं बक्षीस सतत वाढत जाणारे) स्लॉट सहसा बोनसमधून वगळलेले असतात. वगळलेल्या खेळांची यादी लांबलचक असते आणि त्यात नेमके जास्त आरटीपीचे स्लॉट सापडतात. ती यादी वाचताना एक फरक नीट पाहा. “योगदान शून्य” म्हणजे खेळा, पण मोजलं जाणार नाही. “खेळण्यास मनाई” म्हणजे एक स्पिन जरी झाला तरी जिंकलेली रक्कम रद्द होऊ शकते. वगळलेला खेळ बोनस चालू असताना अगदी सहज उघडतो, कित्येक साइटवर इशाराही येत नाही.

एका बेटची कमाल मर्यादा

बोनसची जिंकलेली रक्कम रद्द होण्याच्या कारणांत हा नियम फार वरचा आहे, म्हणून यावर जरा थांबू.

बोनस चालू असताना एका बेटला कमाल मर्यादा असते. समजा ती ५० आहे. तुम्ही ठरवून २० च्या बेट लावता, म्हणजे काळजी नाही असं वाटतं. पण बेट म्हणजे एका फेरीत गुंतलेली एकूण रक्कम, आणि ती नकळत वाढते. रूलेटमध्ये पाच आकड्यांवर प्रत्येकी २० ठेवले तर फेरीची बेट १०० झाली. ब्लॅकजॅकमध्ये ४० लावून डबल केलं तर ८०. स्लॉटमध्ये जिंकलेली रक्कम दुप्पट करण्याचं बटण दाबलं तर ती दुप्पट करायला लावलेली रक्कमही काही ठिकाणी बेट धरतात. आणि सर्वांत घातक म्हणजे बोनस फीचर, म्हणजे स्लॉटमधली खास फेरी, विकत घेण्याचं बटण. त्याची किंमत बऱ्याचदा बेटच्या १०० पट असते. १० च्या बेटवर ते दाबलं की एका क्षणात १,००० ची बेट लागली.

सॉफ्टवेअर तुम्हाला थांबवेल अशी अपेक्षा ठेवू नका. काही साइट मर्यादेवरची बेट घेतच नाहीत, आणि हीच योग्य पद्धत आहे. बाकीच्या ती मुकाट्याने घेतात, आणि पैसे काढायची विनंती आली की खेळाचा इतिहास तपासतात. त्यात मर्यादेवरची एक बेट सापडली तरी अटींनुसार पूर्ण जिंकलेली रक्कम रद्द करता येते. म्हणून बोनस घेतल्यावर बेटचा आकडा एकदा ठरवा, मर्यादेच्या बराच खाली ठेवा, ऑटोप्लेमध्येही (स्लॉट आपोआप फिरत राहण्याच्या सोयीतही) तोच घाला आणि फीचर विकत घेण्याच्या बटणाला हात लावू नका. नवा खेळ उघडला की बेट तपासा, कारण तिथला आधीच भरलेला आकडा वेगळा असतो.

याच्या जोडीला “अनियमित खेळ” नावाचं कलम असतं. रूलेटमध्ये लाल आणि काळा दोन्हींवर लावणं, बॅकरॅटमध्ये दोन्ही बाजूंवर लावणं, टेबलचा बहुतांश भाग झाकणं, किंवा स्लॉटमधले फ्री स्पिन मिळाले की ते तसेच राखून ठेवून अट संपल्यावर उघडणं, हे सगळं त्यात येतं. काही कॅसिनो मोठ्या बेटने जिंकून मग अचानक लहान बेटवर येण्यालाही यात धरतात. हे कलम मुद्दाम सैल भाषेत लिहिलेलं असतं. “आमच्या निर्णयानुसार” एवढाच निकष दिला असेल आणि एकही ठोस उदाहरण नसेल, तर ती ऑफर सोडावी.

पैसे कोणते आधी खर्च होतात?

बोनस दोन रचनांत मिळतो, आणि यातला फरक पटीच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

पहिल्या रचनेत आधी तुमचे स्वतःचे पैसे खर्च होतात आणि बोनस मागे थांबतो. सुरुवातीलाच मोठं जिंकलात तर बोनस सोडून देऊन सगळी रक्कम काढता येते. याला नॉन-स्टिकी म्हणतात. उदाहरण घ्या: १,००० भरले, बोनस १,००० मागे आहे, आणि पहिल्या तासात खरी शिल्लक ३,००० झाली. बोनस सोडला तर ३,००० हातात. अट पूर्ण करायला गेलात तर ४,००० मधून अपेक्षित १,४०० जाऊन २,६०० उरतात, तेही वाटेतला धोका पत्करून. इथे बोनस सोडणं हाच सरळ हिशेब आहे.

दुसऱ्या रचनेत डिपॉझिट आणि बोनस सुरुवातीपासून एकत्र बांधलेले असतात. अट पूर्ण होईपर्यंत काहीच काढता येत नाही. काढायला गेलं की बोनस आणि जिंकलेलं दोन्ही जातं. हा स्टिकी प्रकार. त्यातही पाहायचं की अट पूर्ण झाल्यावर बोनसची मूळ रक्कम तुमची होते की वजा केली जाते. अट संपली तेव्हा खात्यात २,६०० आहेत आणि बोनस न काढता येणारा असेल, तर हाती १,६०० येतात. अशा बोनसला वरच्या सूत्रात १,००० किंमत धरूच नका. तो फक्त जास्त वेळ खेळायला मिळालेला आधार आहे.

कोणती रचना आहे हे खात्याच्या पानावरूनही ओळखता येतं: खरी शिल्लक आणि बोनस शिल्लक वेगवेगळी दाखवत असतील आणि पहिली आधी कमी होत असेल, तर नॉन-स्टिकी असण्याची शक्यता जास्त. तरी लेखी विचारून घ्या.

किती भरायचं

“१०० टक्के, ५,००० पर्यंत” अशी ऑफर असताना ८,००० भरणं ही टाळता येण्यासारखी चूक आहे. बोनस ५,००० च मिळतो, पण स्टिकी रचनेत वरचे ३,००० सुद्धा अटीत अडकतात. पट बेरजेवर असेल तर ३५ पटीने १३,००० वर ४,५५,००० ची उलाढाल लागते. ५,००० भरले असते तर ३,५०,००० लागली असती. बोनस तेवढाच. कमाल बोनस मिळेल एवढं भरायलाच हवं असंही नाही: ५०० भरून ५०० चा बोनस घेता येतो, आणि अटही त्याच प्रमाणात उतरते.

काही ई-वॉलेटमधून भरलेल्या पैशांवर बोनस मिळत नाही. ते कलम पेमेंटच्या नव्हे तर बोनसच्या अटींमध्ये असतं.

मुदत आणि वेळ

मुदत ७, १४ किंवा ३० दिवस असते, आणि ती बोनस खात्यात जमा झाल्या क्षणापासून मोजली जाते. बेटच्या आकड्यावरून वेळ काढा. ३५,००० ची अट २० च्या बेटने पूर्ण करायला १,७५० स्पिन लागतात. मिनिटाला १० स्पिन धरले तर जवळजवळ तीन तास. ५ च्या बेटने ७,००० स्पिन, म्हणजे पावणेबारा तास. ७ दिवसांच्या मुदतीत हे बसवायला रोज पावणेदोन तास स्क्रीनसमोर बसावं लागेल. हा वेळ तुम्हाला द्यायचा नसेल तर बोनस न घेणं योग्य. मुदत संपत आली म्हणून बेट वाढवली की दोन गोष्टी एकदम होतात: मर्यादा ओलांडण्याचा धोका वाढतो आणि शिल्लक लवकर संपते.

फ्री स्पिन, डिपॉझिटशिवायचा बोनस, कॅशबॅक

फ्री स्पिनमध्ये स्पिन फुकट असतात, जिंकलेली रक्कम बहुधा बोनस म्हणून जमा होते आणि तिच्यावर पट लागते. ५० स्पिन, प्रत्येकी १० चे: एकूण ५०० ची बेट, ९६ टक्क्यांनी अपेक्षित जिंकणं ४८०. त्यावर ४० पट म्हणजे १९,२०० ची उलाढाल आणि ७६८ चा अपेक्षित तोटा. “वेजरिंगशिवाय” लिहिलेले २० स्पिन या ५० पेक्षा चांगले. स्पिनचं मूल्य आणि ते वापरण्याची मुदत, जी कित्येकदा फक्त २४ तास असते, दोन्ही पाहून घ्या.

डिपॉझिटशिवायच्या बोनसमध्ये पटीपेक्षा काढता येणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा महत्त्वाची. मर्यादा १,००० असेल आणि अट पूर्ण करून ९,००० उरले, तर १,००० मिळतात आणि बाकीचे जातात. बऱ्याच ठिकाणी पैसे काढण्याआधी एकदा डिपॉझिटही करायला लावतात. अशीच कमाल मर्यादा डिपॉझिट बोनसवर, बोनसच्या ५ किंवा १० पट अशी, लावलेली दिसली तर ती ऑफर बाजूला ठेवा. मोठ्या चढउताराच्या स्लॉटवर मिळू शकणारा एकमेव फायदाही त्यात कापला जातो.

कॅशबॅकवर पट नसेल किंवा एकच असेल तर तो बहुतेक बोनसपेक्षा सरळ व्यवहार आहे. पण २०० च्या कॅशबॅकवर ३० पट लावली तर ६,००० ची उलाढाल आणि २४० चा तोटा, म्हणजे परतावा नावापुरताच.

भरण्याआधी, क्रमाने

१. बोनसच्या अटी आणि कॅसिनोच्या सर्वसाधारण अटी, दोन्ही पानं उघडा. दोन्हींत फरक असेल तर कोणत्या लागू होतील हे कुठेतरी लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा.

२. पानावर शोध घेऊन पाच गोष्टी टिपा: पट कशावर, खेळांचं योगदान, कमाल बेट, मुदत, काढायची कमाल रक्कम. यांतली एखादी सापडत नसेल तर ती नाही असं समजू नका, विचारा.

३. ज्या खेळावर अट पूर्ण करणार त्याचा आरटीपी त्याच कॅसिनोत पाहा. उलाढाल काढा, हाउस एजने गुणा, बोनसशी तुलना करा.

४. सपोर्टच्या चॅटवर लेखी विचारा: “बोनस सोडला तर माझं डिपॉझिट आणि त्यावर जिंकलेलं काढता येईल का? बोनस कुठून रद्द करायचा? मर्यादेवरची बेट सिस्टिम अडवते का?” उत्तराचा आणि अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. अटी बदलतात, आणि तुमच्यावर बोनस घेतला त्या दिवशीच्या लागू व्हायला हव्यात.

५. ओळखपत्र आणि पत्त्याची पडताळणी आधीच उरका. ती पैसे काढताना अडली की दिवस जातात, आणि तेवढ्यात विनंती मागे घेऊन पुन्हा खेळायचा मोह होतो.

६. डिपॉझिटची मर्यादा खात्यात लावून टाका. अट अर्धी राहिली म्हणून पुन्हा भरणं, हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत नुकसानीचा निर्णय आहे.

हिशेब विरोधात गेला तर बोनस नको असं डिपॉझिटच्या वेळीच निवडा. त्या पानावर “बोनस नको” ही खूण अनेकदा खाली दडलेली असते, आणि काही साइटवर बोनस आपोआप लागतो. लागला असेल तर एकही बेट लावण्याआधी रद्द करून घ्या. एक बेट झाली की स्टिकी बोनस सहजी सुटत नाही. बोनसशिवायही भरलेली रक्कम काढण्याआधी किमान एकदा लावायची अट बऱ्याच ठिकाणी असते. ती मनी लाँडरिंग रोखण्यासाठी असते, बोनसशी तिचा संबंध नाही.

बोनस चालू असताना

खात्यातली प्रगतीची पट्टी रोज पाहा. २० च्या १०० बेट लावून अट २,००० ने उतरली का, हे पहिल्याच दिवशी तपासा. उतरली नसेल तर खेळाचं योगदान कमी आहे किंवा तो वगळलेला आहे. हे पहिल्या २,००० वर कळलं तर स्वस्तात सुटलात.

दुसरा बोनस मध्येच घेऊ नका. दोन्ही अटी एकामागे एक लागतात आणि पहिला अडकून राहतो. शिल्लक जवळजवळ संपली आणि नवीन डिपॉझिट करायचं ठरलं, तर आधी जुना बोनस रद्द झालाय याची खात्री करा. खात्यात काही पैसे उरले असतील, अगदी एका स्पिनलाही न पुरणारे, तरी जुनी अट जिवंत राहते आणि नवं डिपॉझिट तिच्याखाली जातं. हा प्रकार फार जणांना पैसे काढतानाच कळतो.

मध्येच सोडायचं की पुढे खेळायचं, हे आतापर्यंत किती लावलं यावरून ठरवू नका. राहिलेली उलाढाल गुणिले हाउस एज, एवढाच आकडा पाहा. शिल्लक १,४००, राहिलेली अट २०,०००: अपेक्षित तोटा ८००, उरतील ६००. बोनस सोडला तर ६०० पेक्षा जास्त हाती येत असतील तर सोडा. शिल्लक ५०० आणि राहिलेलं २०,००० असेल, तर ५०० सरासरी १२,५०० पर्यंतच टिकतात. तिथे थांबायला हरकत नाही. अट पूर्ण करण्याचं तुमच्यावर कुठलंही बंधन नसतं.

पैसे अडवले तर

अट पूर्ण झाली की खेळ तिथेच थांबवा, पट्टी १०० टक्के दाखवते आहे आणि रक्कम खऱ्या शिलकीत आली आहे याचा स्क्रीनशॉट घ्या, मग विनंती करा.

नकार आला तर “अटींचा भंग” एवढ्यावर समाधान मानू नका. तीन गोष्टी लेखी मागा: कोणतं कलम, कोणती बेट, तिची तारीख-वेळ आणि क्रमांक. खेळाचा पूर्ण इतिहासही मागून घ्या आणि तीच बेट त्यात शोधा. कमाल बेटचा आरोप असेल तर तेव्हा बोनस खरंच चालू होता का हे पाहा. नॉन-स्टिकी बोनसमध्ये खऱ्या पैशांवर लावलेल्या बेटला ती मर्यादा लागते का, हा वादाचा मुद्दा असतो आणि अटींमध्ये स्पष्ट नसेल तर तुमच्या बाजूचा असतो. तक्रार आधी कॅसिनोच्याच तक्रार विभागाकडे, चॅटवर नव्हे तर ईमेलने. तिथे तोडगा निघाला नाही तर कॅसिनोच्या अटींमध्ये नमूद केलेल्या स्वतंत्र तंटा निवारण संस्थेकडे. ब्रिटनच्या परवान्याखाली कॅसिनोला यासाठी आठ आठवडे असतात, त्यानंतर संस्थेकडे जाता येतं आणि ग्राहकाला त्याचं शुल्क पडत नाही. अटींचा जुना स्क्रीनशॉट, चॅटची नोंद आणि खेळाचा इतिहास हे तीन कागद सोबत जोडा, आणि निकाल लागेपर्यंत त्या खात्यात एकही बेट लावू नका.